पाटीतून आलेला तुरा

टेमर कोल्थर्डला धाकट्या बहिणीच्या, केझायाच्या घरी जायचं झालं की ती मागच्या दाराने जायची. थॉर्नहोप गावातल्या बाकीच्या बायकाही एकमेकींकडे मागच्याच दाराने जात, पण त्यांना त्यासाठी कारण लागत नसे. टेमरला होतं. केझायाच्या पुढच्या खोलीत बाबांची पेटी होती, आणि ती नजरेला पडली की टेमरच्या पोटात दुखायला लागायचं.

वेअरडेलच्या त्या दरीत शिशाच्या खाणीत जाणाऱ्या बहुतेक घरांत अशी पेटी असायची. पुढून काच, आत आरशांचे तुकडे आणि त्यांच्यामधे खाणीतले स्फटिक बसवून केलेली गुहा. आत मेणबत्ती लावली की एवढ्याशा लाकडी खोक्यात अख्खा डोंगर उजळून निघायचा. कच्चं शिसं कंपनीचं, त्यातला ठरलेला वाटा जमिनीचा धनी म्हणून बिशपचा. पण खडकातल्या शिशाच्या शिरेत, एखाद्या पोकळीत जे स्फटिक सापडतील ते मात्र ज्याची मेणबत्ती पोकळीत पहिली शिरली त्याचे, असा रिवाज होता. खाणकरी त्यांना 'देखणे' म्हणत. कोणाकडे मेंढ्या किती हे लोक विसरतील, पण कोणाकडे देखणे कसे आहेत हे सगळ्यांना पाठ असायचं.

टेमरचा बाप एनॉक व्हिपाँड देखण्यांच्या बाबतीत दरीत नावाजलेला. आठवडाभर तो खाणीवरच्या कोंदट खोलीत इतर गड्यांबरोबर झोपायचा आणि शनिवारी दुपारी घरी यायचा, तो पाठीवरच्या पिशवीत शेवाळात गुंडाळलेले तुकडे घेऊन. लहानगी टेमर घंगाळात पाणी काढून वाट बघत बसलेली असे. दगडावरची काळी माती हंसाच्या पिसाने धुवायची, सांदीत अडकलेली सुईने काढायची, हे त्याने तिलाच शिकवलं. केझाया तेव्हा पाळण्यात.

शिकवायला एनॉकला पुस्तक लागलं नाही. ओटच्या भाकऱ्यांची चवड पुढे घ्यायचा आणि म्हणायचा, "हे बघ, देवाने डोंगर असा रचलाय. ही चुनखडी, ही वाळूची, ही पाटी. चुनखडी करारी असते. तडकली की तडा उघडा राहतो. माणूसही नव्हता तेव्हा खालून ऊन पाणी वर चढलं आणि जाता जाता भिंतींना शिसं नि देखणे चिकटवून गेलं. पाटी म्हणजे जुना चिखल, दगड झालेला. तडा पडला की स्वतःच बुजवून टाकते. तिथे शीर चिमटीएवढी होते."

"मग पाटीत काहीच नसतं का बाबा?"

"असतं. फसवं असतं."

एकदा त्याने तिला तेही दाखवलं होतं. पाटीतल्या शिरेतून फिकट पितळेसारखा चकाकणारा तुकडा आणून त्याने खिडकीत ठेवला, शेजारी चुन्याचे टोकदार स्फटिक, ज्यांना ते कुत्र्याचे दात म्हणत. वसंत येईतो पितळेला पांढरी लव फुटली, जळक्या काडीसारखा वास सुटला, खालचं लाकूड काळं पडलं आणि शेजारचे कुत्र्याचे दात आंधळे झाले. "बघितलंस? स्वतः मरतो आणि शेजाऱ्याला घेऊन मरतो. हा पेटीत कधी घालायचा नाही." इतर खाणकरी असलं पितळ खाणीतच टाकून येत, घरी कोणी आणत नसे. म्हणून ते घरात काय करतं हे दरीत फारसं कोणाला ठाऊकच नव्हतं.

पुढे टेमरचं लग्न नेथन कोल्थर्डशी झालं, केझायाचं एमॉस पिअर्टशी. दर तिमाहीला कंपनीच्या एजंटसाहेबाशी करार व्हायचा, कोणत्या टोळीने कुठे खणायचं आणि काय दराने. एमॉसच्या टोळीला चुनखडीतली जागा मिळाली आणि टिकली. नेथनची टोळी वरच्या पाटीत चिमटीएवढ्या शिरेमागे ओणवी होऊन सरपटत राहिली. एनॉक छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला तेव्हा दोघी मुली उशाशी होत्या. तो म्हणाला, "पेटी केझायाला. एमॉस चुनखडीत आहे. पेटी उपाशी राहायला नको."

टेमरने उशी नीट केली. तिच्या मनात आलं, मी धुतलेला एकेक दगड आहे त्यात, आणि पेटी जायची ती नवऱ्याच्या खडकाकडे बघून!

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. टेमर चाळिशी ओलांडून गेलेली, मुलगी दूर एका बंगल्यात कामाला, घरात दोघंच. ती चॅपलला नेमाने जाई, चालता चालता मोजे विणी, कोणाच्या अध्यात न मध्यात. पण दहाव्या आज्ञेवर प्रवचन असलं की ती बाकावर चुळबुळायची. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नये, बैलाचा नको, गाढवाचा नको, इथवर ती निर्धास्त असे. केझायाकडे ना बैल, ना गाढव. पण शेवटी 'किंवा त्याचं जे काही असेल' असं येतंच, आणि तिथे ती मोज्यांचे टाके मनातल्या मनात मोजायला लागायची.

दर शरदात चॅपलच्या शाळेच्या खोलीत पेट्यांचं प्रदर्शन भरायचं. केझायाची पेटी दुसरी यायची, कधी तिसरी. एमॉस देखणे आणून द्यायचा, बायकोने मागितले म्हणून. त्याचा सगळा जीव बँडमध्ये तो वाजवायचा त्या कॉर्नेटात. आणि केझाया ते देखणे असे बसवायची की टेमरला वाटे, हिने बटाटे लावलेत. 'जांभळा हिरव्याच्या डोक्यावर? बाबा असते तर...' ती घरी येऊन भांडी जोरात घासायची.

त्या वर्षी ऑगस्टात नेथन शनिवारी घरी आला आणि बूट काढायच्या आधी पिशवीत हात घातला.

"बायको, डोळे मीट."

"माझ्याकडे वेळ नाही तुझ्या खेळांना. पाय पूस आधी."

"बरं, मग उघडेच ठेव." त्याने शेवाळ बाजूला केलं.

मुठीपेक्षा थोडा मोठा दगड. खाली पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक आणि त्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी कातीव पाती, फिकट सोनेरी, कडेला कुठे निळी, कुठे गुलाबी झाक. टेमरने तो उजेडाकडे धरला. तिच्या अख्ख्या जन्मात असा तुरा तिने पाहिला नव्हता.

"पाटीतून?"

"पाटीतूनच. पोकळी म्हणजे माझी टोपी मावेल एवढी. बाकीचे म्हणाले, पितळ आहे, टाक. म्हटलं, माझ्या बायकोला कोणी कधी देखणा दिला नाही, माझ्यासकट."

टेमरने दगड छातीशी धरला. पण तो तसाच धरलेला असताना तिच्या मनात दुसरंही काही उगवलं, आणि ते काय आहे हे तिला लगेच कळलं. हा दगड कितीही सुंदर असला तरी वसंतापर्यंतचा सोबती. आपल्याकडे ठेवला तर आपल्या खिडकीत मरेल. पण पेटीत, अगदी मधोमध, बाबांच्या कुत्र्याच्या दातांना टेकून...

मंगळवारी तो फडक्यात गुंडाळून ती केझायाकडे निघाली.

केझाया कणीक मळत होती. फडकं उघडलं आणि तिचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

"अगंबाई! हा कुठला?"

"नेथनने आणलाय. तुझ्या पेटीसाठी."

"माझ्या?" केझायाने तिच्याकडे निरखून बघितलं. "टेमर, तुला ताप आहे का?"

"नको असेल तर नेते परत."

"अगं थांब, थांब! विचारलं नुसतं. इतक्या वर्षांत तू मला मोज्यांचा जोडसुद्धा दिला नाहीस, आणि आज एकदम हे. चक्कर येणार नाही का माणसाला? मधला जांभळा काढते मी. हाच मधे. पण बसवायचा तूच. माझ्या हाताने कलता बसेल."

"तुझ्या हाताने सगळंच कलतं बसतं."

"बसतं खरं," केझाया हसली. "डाव्या बाजूची भिंत बघून गेल्या वर्षी परीक्षकाने मान वाकडी केली होती."

पेटीची काच निघाली. बापाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा टेमरचा हात तिच्यात गेला. सरस ऊन करून घेतला, आधी जागा बघितली, एकदा काढून परत ठेवला, किंचित उजवीकडे वळवला. मागे कुत्र्याच्या दातांची ओळ होती, एनॉकच्या हातची, दरीत तशी दुसरी नव्हती. तुरा त्यांना हलकेच टेकला. तेवढ्यापुरती टेमर कशासाठी आली आहे हे विसरून गेली. मग तिला आठवलं. तिने बोटांचा सरस पुसला आणि काच परत बसवू दिली.

शनिवारी एमॉस खाणीवरून घरी आला, त्याने पेटी बघितली, आणि त्याच्याकडून नेथनला कळलं. संध्याकाळी नेथन चहा ढवळत म्हणाला, "दगड दिलास? केझायाला?"

"दिला. बहीण आहे माझी."

"हो, ते मला माहीत आहे. तुला आठवलं कधी, एवढंच विचारतो."

त्या शरदात प्रदर्शनाच्या खोलीचे पडदे ओढून मेणबत्त्या लावल्या, तेव्हा लोक केझायाच्या पेटीपुढून हलेनात. तुरा मधोमध जळत होता आणि आरशांत त्याचे दहा-वीस तुरे झाले होते. पहिला नंबर. बक्षिसाची तांब्याची किटली हातात घेऊन केझाया उभी राहिली, लाल झालेली, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "किटली माझ्या घरी जाईल, पण दगड माझ्या बहिणीचा आहे. बसवलाही तिने. बाबांचा डोळा तिच्याकडेच आलाय."

सगळ्यांनी वळून टेमरकडे बघितलं. बायका येऊन हात हातात घेऊ लागल्या. मिसेस बीडल म्हणाली, "बाई, इतकी वर्षं हे हात लपवून ठेवलेस होय?" टेमर ओशाळून हसली. पण मत्सर असा असतो की त्याला चारा घातला तरी तो उपाशीच. घरी जाताना तिच्या मनात चाललंच होतं: दगड माझा, डोळा माझा, आणि किटली कोणाच्या फळीवर? मोठेपणाने नाव घेतलं म्हणजे तिचाच मोठेपणा आणखी वाढला. बरं झालं. बघू वसंतात.

हिवाळ्यात ती केझायाकडे वरचेवर जायला लागली. काहीतरी निमित्त काढायची, यीस्ट मागायची, सुई मागायची, आणि मग सहज म्हणून पुढच्या खोलीत डोकवायची. केझायाला याचा इतका आनंद झाला की ती तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला लागली. पेटीजवळ बसून दोघी चहा प्यायच्या.

"तू येतेस म्हणून बरं वाटतं गं. एमॉसशी बोलायला जावं तर तो कॉर्नेट तोंडाला लावतो. शिशाचा भाव एवढा पडलाय की पुढच्या करारात आमच्या टोळीला घेतात की नाही, देव जाणे. कोळशाच्या खाणींकडे जावं लागेल म्हणतो. तिकडे चुनखडी नाही, देखणे नाहीत. सगळं काळंच म्हणे."

टेमर ऐकायची. मुलांचं कळायचं, केझायाच्या कंबरेचं कळायचं, कोणत्या मुलाने कोणाचं नाक फोडलं ते कळायचं. तिला स्वतःला नवल वाटायचं, की आपण यायला एका कामासाठी लागलो आणि आता दोन दिवस गेलो नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नाताळ उलटून गेल्यावर एके दिवशी तिला तो जळक्या काडीचा वास आला.

"केझाया, ही पेटी या भिंतीपासून हलव. ओल आहे इथे. चुलीजवळ ठेव."

"चुलीजवळ? धूर लागेल की."

"लागू दे थोडा. ओलीपेक्षा बरा."

दोघींनी ढकलत पेटी हलवली. पण कोरड्या जागेने दगडाचे दिवस तेवढे वाढले. तुऱ्याच्या पात्यांच्या बुडाशी पांढरी लव दिसायला लागली, इतकी बारीक की आधी धूळ वाटावी. केझाया म्हणाली, "बर्फ पडल्यासारखं दिसतंय, नाही? छान दिसतंय." टेमरने कप खाली ठेवला.

चॅपलमध्ये त्या दिवसांत ज्याला हवं त्याने उठून मोठ्याने प्रार्थना करायची असे. टेमरने त्या हिवाळ्यात सगळ्या दरीसाठी प्रार्थना केली. छातीने आजारी खाणकऱ्यांसाठी, समुद्रापार गेलेल्यांसाठी, मिसेस बीडलच्या गाईसाठीसुद्धा. स्वतःपाशी मात्र ती येऊन थांबायची आणि खाली बसायची. देवाला काय सांगायचं? त्याला तर माहीतच होतं. जिला माहीत नव्हतं तिला सांगायला हवं होतं.

मार्चात कपडे धुवायच्या दिवशी ती गेली. केझाया घंगाळाशी कोपरापर्यंत साबणात.

"हात पूस आणि चल आत," टेमर म्हणाली.

"आत्ता? अगं, चादरी..."

"चल."

पेटीपुढे उभं राहून टेमरने काचेवर बोट ठेवलं. "हे बर्फ नाहीये. दगड सडतोय. हे बाबांचे दात बघ, ही चार टोकं. आंधळी झालीत. आणखी महिन्याभरात सगळी ओळ जाईल."

केझायाने वाकून बघितलं. "सडतोय? दगड?"

"पाटीतलं पितळ सडतं. शेजाऱ्याला खातं. बाबांनी दाखवलं होतं मला."

"तुला..." केझाया सरळ झाली. "तुला माहीत होतं? देताना?"

"होतं."



"म्हणजे पेटी मरावी म्हणून दिलास. आणि मी वेडी, अख्ख्या चॅपलपुढे तुझं कौतुक केलं!"

"हो."

"नुसतं हो काय म्हणतेस? काहीतरी सबब सांग, भांड माझ्याशी!"

"सबब नाहीये. पेटी मला हवी होती. मिळाली नाही, म्हणून तुलाही नको, असं झालं."

केझायाने ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले. तिचा आवाज बारीक झाला. "तुला पेटी हवी होती. मला काय हवं होतं, माहितीये? बाबांनी एकदा तरी मला ते पीस हातात द्यावं. मी घंगाळाजवळ गेले की म्हणायचे, 'टेमरला दे, तुझ्याने फुटेल.' दर शनिवारी. पेटी मला दिली म्हणतेस? मला नाही दिली. एमॉसच्या चुनखडीला दिली. मी ती रोज पुसते आणि रोज मला तेच ऐकू येतं, तुझ्याने फुटेल." मग एकदम ओरडली, "आणि फोडलीस तू!"

टेमर काच काढायला पुढे झाली.

"हात लावू नकोस!"

केझायाने स्वतःच काच काढली. पातळ सुरीने तुरा उचकटला. तो हातात येता येताच त्याची पाती गळून पडली, राखाडी, ओलसर. त्याच्यामागे आरसा काळा पडला होता आणि दातांची टोकं खडूसारखी झाली होती. केझायाने तो फावड्यावर घेतला आणि मागच्या अंगणात राखेच्या ढिगावर टाकून आली. परत येऊन चादरी पिळायला लागली. टेमरने दुसरं टोक धरलं. केझायाने ते सोडवून घेतलं नाही, पण पीळ मात्र इतका दिला की टेमरची मनगटं दुखली.

त्यानंतर बरेच दिवस बोलणं नव्हतं.

पुढल्या शरदात पेटी प्रदर्शनात आली ती तशीच. मधोमध काळं भगदाड. जांभळा देखणा होता की केझायाकडे, पण तो तिने परत बसवला नव्हता. लोक हळहळले. कोणी विचारलं, तर केझाया एवढंच म्हणायची, "तिथे माझ्या बहिणीचा दगड होता." हे बोलताना ती शेजारी उभ्या असलेल्या टेमरकडे बघायचीही नाही. टेमरला कळेना, हा टोमणा आहे की मान. दोन्ही असेल म्हणून ती दिवसभर तिथेच उभी राहिली, मोजा विणत. पेटीला नंबर मिळाला नाही.

वर्ष फिरलं आणि खाण आटोपली. कंपनीने पंप बंद केले, खालच्या बोगद्यांत पाणी भरलं. डोंगरावर आधीच 'जुन्या माणसाच्या' घळी होत्या. रोमन खणून गेले की बिशपचे गडी, कोणाला ठाऊक. ज्यांनी शीर उघडी पाडायला पाणी अडवून, बांध फोडून डोंगर धुतला त्या सगळ्यांना मिळून दरीत तेवढं एकच नाव. आता आमचीही त्याच नावात भर, असं नेथन म्हणाला. त्याला रस्त्याच्या खडीवर काम मिळालं. एमॉसने कोळशाच्या खाणीवर खोली धरली.

घर हलवायच्या दिवशी गाडी दारात लागली. गाद्या चढल्या, पाळणा चढला, किटली चढली, आणि पेटीची वेळ आली तेव्हा जागा उरली नव्हती. एमॉस डोकं खाजवत म्हणाला, "ही टेमरकडे राहू दे की. नाहीतरी भगदाड पडलेली. तिकडे खोली केवढीशी!"

टेमर अंगणात उभी होती. खोटं कशाला सांगा, तिच्या छातीत मत्सराचं ते जुनं जनावर एकदम उठून बसलं. इतकं सगळं झाल्यावरही! बोटं आपोआप एप्रनला पुसली गेली.

केझायाने पेटीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मग गाडीवर चढून तिने ओकचं चांगलं कपाट, तिच्या सासूने दिलेलं, खाली ढकलायला सुरुवात केली.

"अगं, काय करतेस?" एमॉस ओरडला.

"कपाट टेमरला राहू दे. पेटी वर घे."

"कपाट कामाचं आहे!"

"म्हणूनच देते." ती खाली उतरली आणि टेमरपुढे येऊन उभी राहिली. किती दिवसांनी तिने सरळ डोळ्यांत बघितलं. "पेटी इथे ठेवली, तर तू माझ्याकडे कशाला येशील? मी ओळखते तुला. तू माझ्यासाठी नाही येत. तिच्यासाठी येतेस."

 रागाने टेमरचे कान तापले, आणि त्या तापलेल्या कानांनीच तिला ऐकू आलं की बहीण तिला ये म्हणते आहे.

एमॉसने कुरकुरत पेटी एका बाजूने उचलली. टेमर दोन ढांगांत तिथे पोचली, दुसरी बाजू तिने धरली, खांद्यावरची शाल काढून काचेवर गुंडाळली.

"सरळ धर, एमॉस," ती म्हणाली. "कॉर्नेट नाहीये ते. तिरकी केलीस तर बाबांचे उरलेले दात जातील. आणि तिथे गेल्यावर आधी कोरडी भिंत शोध. मी येऊन बघणार आहे."